साकीनाका : नाक्याखालच्या गावांचा भूगोल आणि इतिहास

अंधेरीहून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता, विहार तलावाच्या दिशेने जाणारा साकी-विहार रस्ता आणि घाटकोपरकडून येणारा जोडरस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या परिसराला साकीनाका म्हणतात. रस्त्यावर चौकी बसवून जकात किंवा पथकर वसूल करण्याची जागा म्हणजे नाका, असा या शब्दाचा मूळ अर्थ असला, तरी मुंबईत तो पुढे रस्ते एकत्र येण्याच्या कोणत्याही गजबजलेल्या ठिकाणाला लागू झाला. साकी हे मात्र गावाचे नाव असून ते आजही महसुली दप्तरात कुर्ला तालुक्यातील एक मौजे, म्हणजे महसुली गाव, म्हणून नोंदलेले आहे. त्याच्या भोवती मोहिली, असल्फा, चांदिवली, तुंगवे, मरोळ आणि कोंडिविटे ही गावे होती. कारखाने, गाळे, झोपडवस्त्या आणि मेट्रोचे खांब पाहून या भागाला जुना इतिहासच नाही असे समजण्याचा प्रघात पडला आहे. परंतु येथील जमिनीची मालकी, रस्त्यांची वळणे, पाण्याचे मार्ग आणि येथे कोसळलेल्या आपत्ती यांचा उलगडा या गावांच्या भूगोलाशिवाय होत नाही.

साष्टी बेट हा या भूगोलाचा पाया आहे. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी यांनी वेढलेल्या या बेटाच्या मध्यभागी दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाचे डोंगर आहेत. आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटले जाते, तो या डोंगरांचा मुख्य समूह असून त्याचे फाटे दक्षिणेस पवई, चांदिवली आणि असल्फा यांच्या दिशेने उतरत येतात. याच डोंगरांत उगम पावणारी मिठी नदी विहार आणि पवई या तलावांखालून निघून मरोळ, साकी आणि मोहिली यांच्या शिवारांतून कुर्ल्याकडे जाते व माहीमच्या खाडीत मिळते. तिची लांबी सुमारे १८ किलोमीटर आहे. साकीनाका या प्रवाहाच्या मधल्या टप्प्यावर वसला आहे. डोंगरातून वेगाने आलेले पाणी येथे सखल भागात पसरते आणि येथूनच पुढे ते भरती-ओहोटीच्या प्रदेशाकडे सरकते. एका बाजूस मुरमाड उतार, दुसऱ्या बाजूस नदीकाठची गाळाची जमीन आणि दोहोंच्या मध्ये गावठाण, म्हणजे घरांसाठी राखलेली वस्तीची जागा, अशी या गावांची साधारण रचना होती.

या रचनेला साजेशीच शेती येथे होत असे. नदीकाठच्या खाचरांत पावसाळी भात पिके; त्याच्या रोपांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून जमीन भाजून घेतली जाई, ज्याला राब भाजणे म्हणतात, आणि पाऊस स्थिरावला की रोपे उपटून चिखलात लावणी होई. डोंगरउताराची हलकी जमीन वरकस म्हणून ओळखली जाई व तेथे गवत, नाचणी आणि राबासाठी लागणारी झाडे असत. ताडाची झाडे, गुरांची कुरणे आणि डोंगरातील सरपण यांवर उरलेला निर्वाह चाले. कुणबी, आगरी, भंडारी, कोळी, वारली आणि धर्मांतरित ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांची वस्ती साष्टीतील गावांत पाड्यापाड्यांनी विभागलेली होती. पाडा म्हणजे मुख्य गावापासून थोड्या अंतरावर असलेली एका समूहाची लहान वस्ती. मरोळमधील चिमटपाडा, मोहिलीच्या बाजूचा काजूपाडा, नदीजवळचा बामणदाया पाडा ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात आणि विस्कटलेल्या गावांचा जुना नकाशा त्यांतून पुष्कळसा जुळवता येतो.

या परिसरातील मानवी वावराचा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा नाक्याच्या वायव्येस, कोंडिविट्याच्या डोंगरात आहे. महाकाली लेणी या नावाने परिचित असलेला हा १९ बौद्ध लेण्यांचा समूह इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंतच्या काळात टप्प्याटप्प्याने कोरला गेला. त्यातील नववे लेणे विशेष महत्त्वाचे आहे. चैत्यगृह, म्हणजे स्तूपाची पूजा जेथे होते ते सभागृह, पश्चिम भारतात सामान्यतः खांबांच्या दोन रांगांनी विभागलेले आणि मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असते. कोंडिविट्याला मात्र सभागृह साधे आयताकृती असून त्याच्या टोकाला स्तूपासाठी स्वतंत्र गोल खोली कोरली आहे. या खोलीची भिंत बाहेरच्या बाजूने फुगीर आहे, तिच्यात प्रवेशद्वार असून दोन्ही अंगांना दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. झोपडीसारख्या गोल खोलीची ही कल्पना बिहारमधील बराबर डोंगरातील मौर्यकालीन लेण्यांची आठवण करून देते. याच लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लेख असून त्यात विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या, दानाची नोंद आहे. येथून उत्तरेस असलेल्या कान्हेरीच्या मोठ्या विहारसमूहाशी तुलना केल्यास कोंडिविटे हे लहान केंद्र ठरते; तरीही सहा-सातशे वर्षे एखादा भिक्षुसंघ एका ठिकाणी टिकायचा, तर त्याला भिक्षा देणारी गावे, पाण्याचा साठा आणि ये-जा करण्याच्या वाटा जवळपास असाव्या लागतात. कोंडिविट्याच्या पायथ्याशी शेती करणारी वस्ती दोन हजार वर्षांपूर्वीपासून होती, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

पुढील काळात उत्तर कोकणावर शिलाहारांचे, नंतर यादवांचे आणि त्यानंतर गुजरातच्या सुलतानांचे राज्य होते. साष्टीतील गावे आणि त्यांची वतने यांविषयीची परंपरा महिकावतीच्या बखरीत नोंदलेली असून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई आणि तिच्या अमलाखालील प्रदेश पोर्तुगिजांना दिला, त्यात साष्टीही होती. पोर्तुगिजांनी येथील गावे ठरावीक वार्षिक खंड घेऊन आपल्या सरदारांना व अधिकाऱ्यांना आणि धर्मसंघांना पट्ट्याने दिली, आणि हा खंड कोणाकडून किती यावयाचा याच्या याद्या तयार करविल्या. सिमाँव बोतेल्यू या महसूल अधिकाऱ्याने १५५४ मध्ये तयार केलेली नोंदवही हा त्यांतील प्रसिद्ध दस्तऐवज होय. जगातील बहुतेक खेडी कागदावर प्रथम येतात ती अशीच, कर वसूल करणाऱ्याच्या हाताने. बल्गेरियातील कित्येक लहान खेड्यांचा पहिला लेखी उल्लेख पंधराव्या-सोळाव्या शतकांतील ऑटोमन करनोंदींत सापडतो, आणि तेथील स्थानिक इतिहासकार त्या एका नोंदीपासून सुरुवात करून आपल्या गावाचा भूगोल, कुळे, देवळे आणि शाळा यांचा वृत्तांत लिहीत आले आहेत. साष्टीतील गावांपाशी लेणी, बखर आणि पोर्तुगीज दप्तर अशी त्याहून जुनी व विपुल सामग्री असताना त्यांचे असे वृत्तांत मात्र फारच थोडे लिहिले गेले.

पोर्तुगीज अमलाची ठळक खूण कोंडिविटे येथे आहे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांनी १५७९ मध्ये येथे संत जॉनच्या नावाने चर्च बांधले आणि भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती कुटुंबे या चर्चशी जोडली गेली. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उजाड झाल्यावर लोक मरोळला सरकले व तेथे नवे चर्च उभे राहिले. जुन्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आणि दर्शनी कमान आज सीप्झ या निर्यात-औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात उभ्या आहेत. मरोळ, कोंडिविटे, सहार, चकाला येथील या समाजाने घरातील मराठी बोली, लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याचा विधी आणि भाताच्या नव्या पिकाला आशीर्वाद देण्याचा सण जपला. पोर्तुगीज मुलखातून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव स्वीकारले व त्याच नावाने आपली संघटना स्थापन केली.

१७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई पडली, तेव्हा साष्टीवर मराठ्यांचा अंमल पक्का झाला. तो चार दशकांहून कमी काळ टिकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये तोवर खाडी होती. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता १८०५ च्या सुमारास पूर्ण झाला, आणि साष्टीतील भात, गवत, भाजीपाला व दगड गाडीरस्त्याने शहरात जाऊ लागले. कुर्ल्याच्या पाठीशी असलेल्या मोहिली, असल्फा व मरोळ या गावांचे महत्त्व या एका रस्त्याने वाढले.

१८०८ मध्ये या गावांच्या भवितव्याला वळण देणारा एक व्यवहार झाला. मुंबईतील अपोलो बंदराजवळची आपली जमीन कंपनीला दिल्याच्या बदल्यात होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्यास कुर्ला आणि त्याबरोबर मोहिली, कोळे-कल्याण, मरोळ, सहार, असल्फा, परजापूर ही गावे देण्यात आली. त्यांच्यावर प्रारंभी वार्षिक ३,५८७ रुपये खंड होता. पुढे एकरकमी भरणा होऊन १८४१ मध्ये ती पूर्ण मालकीची झाली. समुद्राकाठच्या मोक्याच्या एका तुकड्यासाठी आतली अख्खी गावे, त्यांतील शेतकऱ्यांसह, एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कसणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला, परंतु तो सरकारचा खातेदार न राहता खासगी जमीनदाराचे कूळ झाला. विसाव्या शतकात जमिनीला कारखान्यांची मागणी आली, तेव्हा मोठमोठे सलग भूखंड विकणे सोपे गेले, त्याला अशा इस्टेटींची मालकी मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती.

उत्तरेकडील पवईच्या खोऱ्यातही इस्टेटच होती. १७९९ मध्ये ती डॉ. स्कॉट यांना वार्षिक ३,२०० रुपये खंडाने दिली गेली. त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने ती जप्त करून १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांना दिली. पश्चिम भारताच्या शेती व उद्यानविद्या संस्थेचे उपाध्यक्ष असलेल्या फ्रामजींनी तेथे विहिरी खणल्या, रस्ता केला, ऊस, नीळ आणि रेशमाच्या किड्यांसाठी तुती यांची लागवड केली आणि साखरेचा घाणा बसवला. साष्टीच्या जमिनीत नगदी पिके रुजवण्याचा हा गंभीर प्रयत्न होता.

त्यानंतर शहराने या खोऱ्याकडे शेतीऐवजी पाण्यासाठी पाहण्यास सुरुवात केली. विहिरी आणि टाक्यांवर जगणाऱ्या मुंबईत १८५४ मध्ये पाण्याची तीव्र टंचाई झाल्यावर अभियंते हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये मिठीच्या उगमाकडील खोऱ्यात धरण बांधण्याचे काम सुरू झाले आणि १८६० पर्यंत विहार तलावाचे पाणी नळाने शहरात पोहोचले. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई हे तलाव तयार झाले. पवईचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो तलाव मूळ हेतूपासून दूर राहिला. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईस मिळू लागले आणि त्याच्या प्रचंड जलवाहिन्या असल्फा व मोहिली यांच्या शिवारांतून टाकण्यात आल्या. दुसऱ्याच्या तहानेसाठी आपल्या गावातून जाणारे हे पाणी येथील वस्त्यांना पुष्कळ काळ उपलब्ध नव्हते. मिठी नदीचा प्रवाहही धरणांमागे अडला आणि पावसाळ्यात सांडव्यावरून उसळणारे पाणी वाहून नेणे एवढेच तिचे काम उरले. नदीला नाला समजण्याच्या पुढील काळातील वृत्तीची बीजे या बदलात आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. त्यानंतर कुर्ला हे गिरण्यांचे गाव बनले. तेथील धरमसी पुंजाभाई यांची गिरणी १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी घेऊन तिचे स्वदेशी मिल असे नाव ठेवले. पश्चिम किनाऱ्याची दुसरी रेल्वे अंधेरीवरून गेली. दोन रेल्वेमार्गांमधील अंधेरी-कुर्ला रस्ता हाच साकी-मोहिलीचा जगाशी संबंध ठेवणारा दुवा ठरला. १९२८ मध्ये ट्रॉम्बे ते अंधेरी अशी कुर्ल्यावरून जाणारी सुमारे १३ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, परंतु ती १९३४ मध्येच बंद करून उखडण्यात आली. त्यानंतर साष्टीच्या पूर्व-पश्चिम प्रवासाचा सारा भार ८० वर्षे रस्त्यावर राहिला आणि साकीनाका तो भार वाहणारा मुख्य सांधा झाला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा ही उणीव अंशतः भरून निघाली.

विसाव्या शतकात या भागाचे प्रशासनही बदलले. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. १९५० मध्ये अंधेरी व कुर्ल्यासह ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझ येथे लष्करी धावपट्ट्या झाल्या होत्या; पुढे त्यांचा विमानतळ झाला आणि सहार, कोळे-कल्याण, मरोळ येथील शेतजमीन त्यात गेली. डेन्मार्कच्या दोन अभियंत्यांनी स्थापन केलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९४८ मध्ये पवईला दलदल व झाडोऱ्याची ५५ एकर जमीन कारखान्यासाठी घेतली. १९५८ मध्ये आयआयटी, त्यानंतर मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ मध्ये सीप्झ आले. साकी-विहार रस्ता आणि खैरानी रस्ता यांच्या दुतर्फा सुटे भाग, साचे, ओतकाम, प्लॅस्टिक आणि शिवणकाम यांचे गाळे वाढत गेले. गाळा म्हणजे एका शेडमधील लहान कार्यशाळा. मोठ्या कारखान्याला लागणारी शेकडो बारीक कामे येथे होत आणि ती करणारा कामगार कोकण, घाट आणि उत्तर प्रदेशातून येऊन याच परिसरात राही.

या कामगारासाठी घरे कोणीही बांधली नव्हती, म्हणून तो डोंगरावर चढला. शहराच्या रस्त्यांना आणि इमारतींना लागणारी खडी असल्फा, चांदिवली व साकीनाका येथील डोंगर फोडून काढली जात होती. वडार आणि इतर कष्टकरी समाज या दगडखाणींवर राबत असत. खाणी बंद पडत गेल्या तसे त्यांचे उभे कापलेले कडे मागे राहिले, आणि या कड्यांच्या माथ्यावर व पायथ्याशी वस्त्या उभ्या राहिल्या. पायथ्याचा आधार काढून घेतलेला उतार, त्यावरील सैल मुरूम, झाडोरा नाहीसा झाल्याने आत मुरणारे पाणी आणि वरच्या घरांचे ओझे, ही दरड कोसळण्याची सर्व कारणे येथे एकत्र आली. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगर येथे दरड कोसळून साठहून अधिक माणसे मरण पावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी साकीनाक्याला डोंगराचा कडा घरांवर येऊन सत्तरहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी खाली मिठीचे पाणी जरीमरी, सफेद पूल आणि कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवलेले, भरावाने आणि बांधकामाने अरुंद केलेले पात्र एवढे पाणी सामावून घेऊ शकले नाही. या दुर्घटनेनंतर मिठी नदीच्या विकास व संरक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले.

या साऱ्या उलथापालथीत जुनी गावे पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. साकीनाक्याच्या एखाद्या इमारतीतील सदनिकेचे खरेदीखत उघडले, तर कारखान्याचे, वसाहतीचे किंवा रस्त्याचे नाव येण्याआधी त्यात ‘मौजे मोहिली, तालुका कुर्ला’ किंवा ‘मौजे मरोळ, तालुका अंधेरी’ असे लिहिलेले आढळते, आणि पुढे नगर भूमापन क्रमांक, म्हणजे शहरी जमिनीच्या मोजणीत प्रत्येक तुकड्याला दिलेला क्रमांक, येतो. शेती संपली, कुळे पांगली, इस्टेटी विकल्या गेल्या, तरी गावाची शीव कायद्यात जिवंत आहे. मरोळ आणि कोंडिविट्याच्या गावठाणांत अरुंद गल्ल्या, क्रूस आणि विहिरी अजून आहेत. जरीमरीच्या वस्तीला साथीच्या रोगांपासून राखणाऱ्या देवीचे नाव आहे. हे अवशेष विकासाच्या आड येणारे जुनाट तुकडे समजून पुसण्याची घाई सध्या मोठी आहे.

ही घाई चुकीची आहे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो. घरे कोठे बांधावीत, नदीला किती जागा द्यावी आणि कोणता उतार मोकळा ठेवावा, याचे ज्ञान खाचर, वरकस आणि गावठाण या तिहेरी विभागणीत शेकडो वर्षे साठवले गेले होते. जमीन विकताना गावाची हद्द काटेकोरपणे पाळली गेली, पण जमीन वापरताना गावाचा भूगोल पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत डोंगरावर व नदीकाठी राहणाऱ्या सर्वांत गरीब कुटुंबांनी मोजली. म्हणून साकी, मोहिली, असल्फा, चांदिवली, तुंगवे, मरोळ आणि कोंडिविटे या प्रत्येक गावाचे स्वतंत्र वृत्तांत लिहिले गेले पाहिजेत. गावठाणांतील वृद्धांच्या आठवणी, चर्चमधील जुन्या नोंदवह्या, भूमापनाचे नकाशे आणि वस्त्यांतील कामगारांचे अनुभव आज एकत्र करता येण्यासारखे आहेत. येथील शाळा-महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि रहिवाशांच्या मंडळांनी हे काम आपले मानून हाती घ्यावे. शासनाने व महापालिकेने या भागाचा पुढील आराखडा करताना ते वाचावे.